जुळणीचं वाक्य

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं जळगाव सुस्तावलेलं असतं. तेजल फिरकेही रमतगमत आपल्या दुरुस्तीच्या दुकानाशी आली. शटर अर्धं वर जातंय न जातंय तोच मागून एक बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "ताई, बरं झालं बाई आलात! आमच्या अण्णांची गळपट्टी बंद पडलीय. कालपासून चालूच होत नाही. आणि आज संध्याकाळी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे हो!"

"आत तर या आधी. बंद पडली म्हणजे नक्की काय होतं? दिवा लागतो? आवाज येतो?"

"बटण दाबलं की एकदा बारीक पीं करते आणि गप्प. परत दाबलं की तेच. माझ्या मिस्टरांनी दाबून दाबून बटण ढिलं केलंय."

"ते सगळ्यांचेच मिस्टर करतात," तेजल म्हणाली. शटर पूर्ण वर ढकलून ती वळली आणि बाईच्या मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे तिचं लक्ष गेलं.

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागे वळवलेले पांढरे केस, उजवा हात लुळा पडून बाजूला लोंबतोय. पण मान तशीच ताठ. समोरचा माणूस आपला विद्यार्थीच असणार आणि आता पाया पडणार, अशा थाटात बघणारे डोळेही तेच. प्राचार्य दिगंबर सरोदे.

तेजलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला तिनं मनातल्या मनात कितीदा फाडून खाल्लं होतं, त्याला सुमार नाही. रस्त्यात गाठून, लग्नात चार लोकांत उभं करून, आजारी पडला तर उशाशी बसून. आणि आता तो स्वतःच्या पायांनी तिच्या दुकानात आला होता, तोही वाचा गमावून! देवाला एवढी चेष्टा सुचत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखणार कसं? फिरके हे सासरचं आडनाव. माहेरची ती झोपे. मनोहर झोपेंची तेजल.

"बसा सर," ती म्हणाली, आणि खुर्ची पुसून पुढे केली.

गळपट्टी काय असते ते आता लहान पोरांनाही ठाऊक आहे, तरी थोडं सांगायला हवं. पक्षाघातानं किंवा घशाच्या शस्त्रक्रियेनं आवाज गेला, तरी मेंदू काही हार मानत नाही. माणूस मनात वाक्य जुळवतो तेव्हा गळ्याच्या आणि जिभेच्या स्नायूंना अगदी बारीक विजेचे निरोप जातच असतात. स्नायू हलत नाहीत, पण निरोप पोचलेला असतो. गळ्याभोवतीची पट्टी ते निरोप टिपते आणि खिशातली डबी, म्हणजे एक अख्खा छोटा कॉम्प्युटरच, त्यांचे शब्द करून माणसाच्या जुन्या आवाजात बोलून दाखवते. सरोदेंच्या भाषणांची ध्वनिमुद्रणं काय कमी होती? त्यांचा आवाज डबीत जसाच्या तसा उतरला होता.

पण पहिल्या पट्ट्यांनी घराघरांत रणकंदन माजवलं. माणूस मनात वाक्य जुळवतो आणि गिळतो, हे बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. नवरा मनात म्हणाला, "झाली हिची टकळी सुरू," की डबी ते मोठ्यानं म्हणून मोकळी! धुळ्यात एक जुळत आलेलं लग्न अशानं मोडलं म्हणतात. मग सुधारणा झाली. आता वाक्य जुळलं की आधी डबीत थांबतं आणि वरचा पिवळा दिवा लागतो. जीभ टाळूला दाबायचा नुसता प्रयत्न केला तरी वाक्य सुटतं, नाही केला तर दिवा विझतो आणि वाक्य आतच राहतं. या आत राहिलेल्याला दुरुस्तीवाले 'रोख' म्हणतात.

आता गोम अशी, की या डब्यांतली मेमरी वीज गेली तरी काही विसरत नाही. पुसायला बॅटरी खर्च होते, म्हणून डबी रोखलेली वाक्यं पुसतच नाही, नुसती पुसली म्हणून खूण करते. म्हणजे माणसानं गिळलेलं सगळं तिथंच पडून असतं. ते वाचायचं नाही, ही या धंद्यातली शपथ. तेजलनं ती घेतली होती आणि आजवर पाळलीही होती.

तिनं डबी उघडली. मीटरला हात लावला नाही. 'आधी डोळ्यांनी बघ, मग नाकानं, आणि मग यंत्र लाव,' हे बाबांचं शिकवणं. जळका वास नव्हता. बॅटरी चांगली भरलेली होती. तिनं पट्टी सोडवली, स्पीकर सोडवला, नुसता बोर्ड आणि बॅटरी ठेवून बटण दाबलं. पीं. गप्प.

"म्हणजे बाहेरचं काही नाही, दुखणं बोर्डातच आहे. कुठेतरी वीज भलत्या वाटेनं पळतेय, आणि डबी घाबरून स्वतःच बंद होतेय. शहाणी आहे बिचारी," तेजल म्हणाली.

रेवती, म्हणजे ती बाई, सरोदेंची सून, वाकून बघायला लागली. तेजलनं बोर्डावर साफसफाईचं अल्कोहोल ओतलं आणि अगदी हलका वीजपुरवठा जोडला.

"अगंबाई! ओलं केलंत?"

"बघत राहा. जिथे शॉर्ट आहे तिथे बोर्ड तापतो. तापला की तिथलं अल्कोहोल सगळ्यांत आधी उडतं. आपण शोधायचं नाही, तो स्वतःच सांगतो."

बोर्ड ओलाच चमकत होता. मग मेमरीच्या खाचेशेजारी मुगाच्या डाळीएवढा ठिपका कोरडा पडला. तेजलनं भिंग लावलं आणि तिला हसूच आलं.

"वहिनी, खंडेनवमीला डबीची पूजा केली होती का?"

"केली ना! सगळ्याच यंत्रांची करतो आम्ही. मिक्सर, गाडी, वॉशिंग मशीन. अण्णांची तर वाचाच आहे ती, तिला कसं वगळणार? हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, आणि नारळ फोडून…" रेवती थांबली. "पाणी शिंपडलं थोडं."

"थोडं?"

"एक वाटी असेल."

खाचेच्या तोंडाशी कुंकू आणि नारळपाण्याचा चिकट लाल लगदा वाळून बसला होता. नारळपाण्यात क्षार, क्षारांतून वीज पळते, आणि कुंकवाची भुकटी ते सगळं धरून बसते. खुर्चीतून सरोदे सुनेकडे असे बघत होते, की डबी चालू असती तर पिवळा दिवा नक्की लागला असता.

तेजलनं जुन्या टूथब्रशनं लगदा घासून काढला आणि गरम हवेनं बोर्ड वाळवला. बटण दाबलं. आता डबीतला बारीक पंखा फिरला, पण लांब पीं-पीं-पीं सुरू झालं. ही ओरड मेमरीची. तिनं मेमरीची पट्टी काढली. सोनेरी टोकं काळवंडली होती.

"याला वेळ लागेल. मेमरी तपासल्याशिवाय बसवता येणार नाही. दुपारी या. संध्याकाळी सर बोलतील, शब्द देते."

सरोदेंनी मान हलवली. आभार मानल्यासारखी नाही. शिपायाला 'ठीक आहे, जा' म्हणावं तशी.

ते गेल्यावर तेजल तशीच बसून राहिली.

ती सातवीत होती तेव्हाची गोष्ट. बाबा सरोदेंच्या कॉलेजात कॉम्प्युटर विभाग सांभाळायचे. प्रवेशपरीक्षेचं केंद्र त्यांच्याकडे होतं. वीज गेली तर सगळी यंत्रं चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या मरायला टेकल्या होत्या, आणि बाबा ते सरोदेंना पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटचं सांगायला गेले तेव्हा तेजल त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेली होती. सरोदे अंगणात झोपाळ्यावर बसले होते. "सर, बॅटऱ्या गेल्यात. परीक्षेच्या आधी बदला, हात जोडतो," बाबा म्हणाले. सरोदे म्हणाले, "बघू हो झोपे. परीक्षा एकदाची होऊन जाऊ द्या." आणि झाडाचा एक पेरू तोडून त्यांनी तेजलच्या हातात दिला. तिनं तो परत येताना स्कूटरवरच खाल्ला. गोड होता मेला!

परीक्षेच्या मधोमध वीज गेली. हॉलभर अंधारलेले पडदे, मुख्य कॉम्प्युटर बंद पडला तो पुन्हा चालूच झाला नाही, पोरांनी सोडवलेलं सगळं गेलं. केंद्र रद्द झालं. पोरांचं वर्ष बुडालं. चौकशी समिती बसली आणि सरोदे समितीपुढे शांतपणे म्हणाले, "मला कोणीही काही सांगितलं नव्हतं."

बस्स. एवढं एकच वाक्य. कॉलेजच्या दारात पालकांनी बाबांच्या तोंडाला काळं फासलं. तेजलनं ओरडून ओरडून सांगितलं, मी ऐकलंय, मी तिथे होते. पण सातवीतल्या पोरीचं कोण ऐकतो, त्यातून आरोपीच्या पोरीचं? नोकरी गेली ते एक वेळ सोसलं असतं. बाबांनी बोलणंच टाकलं. हाक मारली तर बघायचे, जेवायला वाढलं तर जेवायचे. त्यांचा गळा धडधाकट होता, आणि तरी ते गेले तोवर घरानं त्यांचा आवाज पुन्हा म्हणून ऐकला नाही.

तेजल उठली. खोडरबर घेतलं आणि मेमरीची काळी टोकं चोळायला लागली. हीही बाबांचीच युक्ती. टोकं झळझळीत झाली. मग तिनं मेमरी तपासणीच्या यंत्रात बसवली.

नियम असा, की या यंत्राचा पडदा भिंतीकडे फिरवायचा आणि फक्त हिरवा-लाल दिवा बघायचा. तेजलचा हात पडद्यावर गेला आणि तिथेच थांबला. शपथ ठीक आहे हो, पण समोर सरोदेंनी गिळलेलं सगळंच्या सगळं पडलं होतं. माणूस जगाशी खोटं बोलेल, स्वतःच्या मनात तरी कबूल करत असेल ना? एखाद्या दुपारी, एकटा असताना, 'झोपे बिचारा' एवढं तरी?

तिनं पडदा आपल्याकडे वळवला आणि शोधायला लावलं. झोपे.

काही नाही.

मनोहर. काही नाही. परीक्षा, समिती, चौकशी. काही नाही. बॅटरी! हे सापडलं. तिनं वाचलं: 'डबीची बॅटरी संपत आली, कोणी लावेल का?' असलं सतरा ठिकाणी.

मग ती नुसतीच वाचत सुटली. 'भाजीत मीठ नाही.' 'रेवती दमलीय, तिला म्हणू नये.' 'टीव्ही बारीक करा रे.' 'मला कोणी फिरायला नेईल का?' आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा, पानापानावर: 'रात्री पट्टी काढतात. रात्री काही झालं तर हाक कशी मारू?'

क्षणभर तिला म्हाताऱ्याची कीव आली, नाही असं नाही. पण ती टिकली नाही. तिच्या बापाचा अख्खा जन्म या माणसानं एका वाक्यात संपवला, आणि त्याला त्याचं नावही आठवत नव्हतं! अपराधाची बोच असती तर तिनं कदाचित सोडून दिलं असतं. इथे बोच नव्हतीच. बाबा त्याच्या मनात रोखलेलेसुद्धा नव्हते.

यंत्राच्या बाजूला वीज वाढवायचं बटण होतं. थोडं फिरवलं की मेमरी जळणार, आणि तिच्याबरोबर डबीतला सरोदेंचा आवाजही. 'नारळपाण्यानं गेली,' म्हटलं की कोणी संशयही घेणार नव्हतं. तेजलनं बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात जिन्यावरून आईची हाक आली, "तेजू, जेवायला ये गं! भाकरी गार होतेय."

घर दुकानाच्या वरच होतं. भरीत-भाकरी खाता खाता तेजलनं सांगितलं कोण आलं होतं ते. आईचा घास हातातच राहिला.

"सरोदे सर? आपल्याकडे?" मग तिनं तो ताटात ठेवला. "सोड बाई. म्हातारं माणूस आहे. तुझे बाबा काय परत येणार आहेत का? नीट करून दे आणि मोकळी हो. कामाशी बेइमानी त्यांनाही चालली नसती."

"नीटच करून देणार आहे," तेजल म्हणाली. "मुका सरोदे काय कामाचा? मुक्याची सगळ्यांना दयाच येते. मला तो बोलायला हवाय. तू संध्याकाळी चल माझ्याबरोबर कार्यक्रमाला."

"मी कशाला? मला लोक ओळखतील."

"ओळखू देत."

दुपारी सरोदे आणि रेवती आले. डबी जुळवून तयार होती. रेवतीला समोरच्या दुकानातून पेढे घ्यायचे होते. "घेऊन या," तेजल म्हणाली, "तोवर मी सरांची जुळणी करते." रेवती रस्ता ओलांडून गेली.

जुळणी म्हणजे काय? पट्टी रोज गळ्यावर चढवताना कालच्याच जागी बसते असं नाही. केसभर सरकली तरी निरोप बदलतात. म्हणून दर वेळी चालू झाल्यावर डबी पीं करून एक ठरलेलं वाक्य मागते. माणसानं ते मनापासून म्हणायचा प्रयत्न केला, की ती आपले कान जुळवून घेते आणि तेच वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवते. तोवर दुसरं अक्षर बोलत नाही. हे वाक्य बदलायचा अधिकार फक्त दुरुस्ती करणाऱ्याला. सरोदेंचं आधीचं वाक्य होतं, 'सुप्रभात, मी प्राचार्य दिगंबर सरोदे.'

तेजलनं त्यांच्या गळ्यात पट्टी बांधली, बटण दाबलं. एकदाच पीं झालं. छोट्या पडद्यावर वाक्य उमटलं. तिनं तो त्यांच्यासमोर धरला.

'बॅटऱ्या गेल्यात, असं मनोहर झोपे यांनी मला सांगितलं होतं.'

सरोदेंनी वाचलं. आधी कपाळाला आठी पडली. मग ती आठी हळूहळू विरली आणि त्यांनी वर बघितलं. आता मात्र त्यांनी तिला नीट पाहिलं.

"म्हणा सर. हे म्हटल्याशिवाय चालू होणार नाही."

त्यांनी मान जोरात हलवली. डावा हात उगारल्यासारखा केला. त्या थरथरत्या हातानं त्यांना लिहिताही येत नव्हतं.

"नको तर नको. संध्याकाळी हॉल भरलेला असेल. तुम्ही नुसते बसा. बाकीचे बोलतील तुमच्याबद्दल."

बाहेर रेवतीचं पेढेवाल्याशी बोलणं चाललं होतं. सरोदेंनी एकदा दाराकडे बघितलं, डोळे मिटले, आणि डबीतून तो भरदार, सभा गाजवणारा आवाज बाहेर पडला: "बॅटऱ्या गेल्यात, असं मनोहर झोपे यांनी मला सांगितलं होतं."

किती वर्षं थांबली होती ती या वाक्यासाठी!

"तू झोपेची मुलगी," डबी म्हणाली.

"हो. पेरू दिला होतात मला."

पिवळा दिवा लागला, विझला. मग: "वाक्य बदल."

"नाही बदलणार. रोज सकाळी म्हणायचं. दात घासल्यावर, चहाच्या आधी. नाहीतर पुण्याच्या दुरुस्ती-केंद्रात जा, बदलून देतील. का बदलायचं ते मात्र सुनेला सांगा."

"तुला काय मिळणार यातून?"

"मजा," तेजल म्हणाली. खोटं कशाला बोला? "आणि सर, एक राहिलं. आज तुम्हाला हार घालतील. शाल देतील. त्यासाठी गळ्यातली पट्टी काढावी लागेल. पुन्हा घातली, की पुन्हा जुळणी. समोर माईक असेल."

दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. रेवती पेढ्यांची खोकी घेऊन आत आली. "अय्या, दिवा लागला! अण्णा, बोला की!"

"चल," डबी म्हणाली.

संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. तेजल आणि आई मागच्या दाराशी उभ्या होत्या. आईनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता. हॉलभर सरोदेंचे जुने विद्यार्थी. त्यांतले कितीजण त्या परीक्षेला बसलेले होते, हे तेजलला तोंडावरून ओळखू येत होतं. ज्यांनी बाबांना काळं फासलं, त्यांचीच ही पोरं, आता टक्कल पडलेली, पोट सुटलेली.

एक्याऐंशी दिव्यांचं तबक आलं, ओवाळणं झालं. मग निवेदकानं हार उचलला.

"हार नको मला," डबी खणखणीत म्हणाली.

"बघा! एवढा मोठा माणूस, पण संकोच बघा केवढा!" निवेदक म्हणाला आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या.

"नको म्हणतोय मी!"

टाळ्या आणखी वाढल्या. रेवतीनं लगबगीनं पट्टी सोडली. हार पडला, शाल पडली, नारळ मांडीवर आला. सरोदे डाव्या हातानं सगळं दूर सारत होते आणि लोक कौतुकानं हसत होते. तेजलला हे सगळं इतकं गोड लागलं, की तिची तिलाच लाज वाटली. पण थोडीच.

हार उतरवून रेवतीनं पट्टी पुन्हा बांधली. पीं. निवेदकानं माईक डबीसमोर धरला. सगळे थांबले. सरोदे ओठ घट्ट मिटून बसले होते.

"अण्णा, वाक्य म्हणा ना," रेवती पडदा त्यांच्यासमोर धरून कुजबुजली, आणि ते माईकमधून हॉलभर ऐकू गेलं. "बॅटऱ्या… झोपे… हे कसलं वाक्य आहे?" मग ती घाबरून हॉलकडे वळली. "तेजलताई आहेत का इथे? परत बंद पडलं हो!"

तेजल मधल्या वाटेनं निघाली. मंचावर चढून ती सरोदेंपाशी वाकली, पट्टी नीट केल्यासारखी केली, आणि माईक हातानं झाकून फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, रात्री काही झालं तर हाक कशी माराल?"

सरोदेंचा चेहरा खर्रकन उतरला. हे वाक्य त्यांनी या जगात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ही बाई आत जाऊन, त्यांनी गिळलेलं सगळं वाचून आली होती. त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली, उघडी, लहान पोराच्या डोळ्यांत दिसावी तशी. तेजलनं ती बघितली आणि माईकवरचा हात काढला.

"बॅटऱ्या गेल्यात," सभागृहाच्या चारी भिंतींवरून सरोदेंचा आवाज आला, "असं मनोहर झोपे यांनी मला सांगितलं होतं."

एक टाळी वाजली आणि मध्येच थांबली. मग तिसऱ्या रांगेतला एक टकलू माणूस उठून उभा राहिला. "सर? कोणत्या बॅटऱ्या? आपल्या परीक्षेच्या?"

पिवळा दिवा लागला. मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसला. आपल्या घरात असा दिवा कुणाकुणाच्या गळ्याशी बघितलेली माणसं होती ती. दिवा म्हणजे वाक्य तयार आहे, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

दिवा विझला. आवाज आलाच नाही. सरोदेंनी वाक्य गिळलं होतं.

"तेजू."

तेजलनं खाली बघितलं. आई कधीच मधल्या वाटेनं चालत मंचाच्या पायरीशी येऊन उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तो पुन्हा ओढून घ्यायचं तिला सुचलंही नव्हतं. दुपारपासून 'सोड बाई, सोड बाई' करणारी आई सरोदेंकडे टक लावून बघत होती.

"मला नीट ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "परत म्हणायला लाव त्याला."

तेजलनं डबीचं बटण दाबून ती बंद केली, आणि पुन्हा चालू केली.

पीं.